लिपस्टिकला एक न्याय, बोक्याच्या खाण्याला दुसरा

नमस्कार ताई,

आमच्या घरी दोन मांजरं आहेत. गुंड्या बोका पाच वर्षांचा, आणि ठमी गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिजलेली सापडली ती. मुलगी अकरावीत आहे. मध्यंतरी तिने प्रयोगशाळेतल्या सशांचा एक व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून घरात रोज वाद. माझी लिपस्टिक, सनस्क्रीन, हेअर डाय, सासूबाईंचं क्रीम, सगळं तिने एका पिशवीत भरून ठेवलंय आणि फेकून दे म्हणते. आता मांजरांच्या खाण्यावर आलीय. "आपल्या मांजरांच्या खाण्यासाठी दुसरी मांजरं पिंजऱ्यात ठेवतात," असं तिने वाचलं, म्हणून कॅट फूड बंद करून दूध-पोळी सुरू करायची असा तिचा हट्ट. आमचे हे म्हणतात, "औषधंसुद्धा प्राण्यांवर तपासलेली असतात, ती घेता ना? मग ही सोंगं कशाला?" मुलगी ताटावरून उठून जाते. मला तिचं पटतं, पण सगळं पटत नाही. घरातल्या मांजरावर जीव टाकायचा आणि दुकानात डोळे मिटून घ्यायचे, हे काही बरोबर नाही. पण घ्यायचं काय आणि सोडायचं काय?

एक वाचक, नाशिक

नमस्कार,

मुलीला आधी एवढं सांगा की तिचा राग खरा आहे. बांधून ठेवलेला ससा पाहून एखाद्या पोरीची झोप उडत असेल तर तिला गप्प करण्याचं काही कारण नाही. फक्त तिने एकाच पिशवीत जे भरलंय ते वेगळं करायला हवं. लिपस्टिक, बोक्याचं खाणं आणि औषध या तिन्हींना एकच न्याय लावला की घरात भांडण ठरलेलं, कारण तिन्ही ठिकाणी प्राण्याला काय सोसावं लागतं आणि ते कशापायी, याची उत्तरं निराळी आहेत. मी स्वतः हेच दोन प्रश्न धरून चालते. हे कशासाठी चाललंय? आणि त्या प्राण्याचं पुढे काय होतं?

सौंदर्यप्रसाधनांपासून सुरुवात करते, कारण तिथे माझं मत अगदी पक्कं आहे. मुलीने पाहिली ती बहुधा ड्रेझ चाचणी असावी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९४४ मध्ये बसवली. पांढऱ्या सशाला फक्त डोकं बाहेर राहील अशा खोक्यात अडकवायचं. एका डोळ्याची खालची पापणी ओढून आत ०.१ मिलिलिटर द्रव सोडायचा आणि तो वाहून जाऊ नये म्हणून पापण्या क्षणभर मिटून धरायच्या. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग एका तासाने, एका दिवसाने, दोन आणि तीन दिवसांनी तो डोळा उघडून पाहायचा आणि लाली किती, सूज किती, पाणी किती, बुबुळ किती गढूळ झालं याला गुण द्यायचे. गरज वाटली तर हे तीन आठवड्यांपर्यंत चालायचं. ससा निवडला कारण तो स्वस्त, पाळायला सोपा, मोठ्या डोळ्यांचा आणि सहसा न ओरडणारा. त्याच्या डोळ्याला तिसरी पापणी असते, अश्रू आपल्यापेक्षा कमी येतात, त्यामुळे त्याच्या डोळ्यावरून आपल्या डोळ्याचा अंदाज नेहमी बरोबर निघतोच असंही नाही. एवढं सगळं एका नव्या शाम्पूसाठी किंवा मस्कारासाठी. माझ्या पहिल्या प्रश्नाला इथे जे उत्तर मिळतं ते मला कधीच पुरेसं वाटलेलं नाही.

पुष्कळ लोकांनाही ते पुरेसं वाटलं नाही, म्हणून तर गोष्टी बदलल्या. हेन्री स्पायरा हा न्यूयॉर्कमधला एक शाळामास्तर. एप्रिल १९८० मध्ये त्याने आणि त्याच्या साथीदारांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन रेव्हलॉन कंपनीला थेट विचारलं की सौंदर्यापायी तुम्ही किती सशांना आंधळं करता? वर्ष संपायच्या आत कंपनीने पर्यायी पद्धतींच्या संशोधनासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर देऊ केले. आज माणसाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत कातडीचा पातळ थर वाढवतात आणि पदार्थ त्यावर टाकून पाहतात. कातडीची जळजळ तपासण्यासाठी २०१० पासून ही पद्धत आंतरराष्ट्रीय नियमावलीत मान्य झाली आहे. हे मुलीला आवर्जून सांगा. राग आलेल्या एका मास्तरने रडून न थांबता पुढे काय केलं, हे तिला कळायला हवं.

आता आपल्याकडचं. भारतात यावर कायदा आहे आणि तो बऱ्याच घरांना माहीत नसतो. मे २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यावर बंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून अशी चाचणी केलेला माल आयात करायलाही बंदी झाली आणि २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांत ती कायम आहे. त्याआधी मार्च २०१३ मध्ये युरोपीय संघाने अशा मालाच्या विक्रीवर पूर्ण बंदी आणली होती. दक्षिण आशियात हे पाऊल आपण पहिल्यांदा उचललं. पुण्यातली ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था तर १९७४ पासून प्राण्यांच्या बाजूने उभी आहे. म्हणजे पिशवीतलं जे काही तुम्ही नाशिकच्या दुकानातून रीतसर घेतलं आहे, त्यासाठी इथे ससा बांधून ठेवणं हा कायद्याचा भंग ठरतो. त्यातले बरेचसे घटक पूर्वी कधीतरी प्राण्यांवर तपासलेले आहेत, हे खरं. पण ते आता कुणालाच मागे जाऊन पुसता येणार नाही.

तरी फटी आहेत. परदेशाहून कुणी नातेवाईक बॅगेतून आणतो त्या वस्तूला इथला आयातीचा नियम आडवा येत नाही. एखादी कंपनी इथे कायदा पाळते आणि दुसऱ्या देशात तिथल्या नियमाप्रमाणे चाचणी करून विकते, असंही घडतं. चीनने मे २०२१ पासून शाम्पू, लोशनसारख्या साध्या आयात प्रसाधनांना ठरावीक कागदपत्रं असतील तर प्राण्यांवरच्या चाचणीतून सूट दिली. हेअर डाय आणि सनस्क्रीन तिथे विशेष गटात मोडतात, त्यांना ती सवलत नाही. सनस्क्रीनचा गुंता तर युरोपातही सुटलेला नाही. होमोसॅलेट आणि एथिलहेक्सिल सॅलिसिलेट ही नावं तुम्हाला सनस्क्रीनच्या मागच्या बारीक अक्षरांत सापडतील. हे घटक बनवणाऱ्या सिमराइज या जर्मन कंपनीकडे युरोपच्या रसायन यंत्रणेने प्राण्यांवरच्या चाचण्या मागितल्या. कारण दिलं ते कारखान्यात हे रसायन हाताळणाऱ्या कामगारांच्या सुरक्षेचं. प्रसाधनांसाठी अशा चाचण्यांवर बंदी आहे, असं म्हणत कंपनी कोर्टात गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने निकाल यंत्रणेच्या बाजूने दिला. बंदी आहे म्हणून निर्धास्त राहावं, अशी परिस्थिती अजून आलेली नाही. बारा लाखांहून जास्त युरोपीय नागरिकांनी या बंदीला बळकटी द्या म्हणून सह्या केल्या, त्या याच काळजीपोटी.

म्हणून पुढची खरेदी करताना नुसतं सशाचं चित्र पाहून भुलू नका. ससा कुणीही छापू शकतो. ज्या प्रमाणपत्रामागे कच्चा माल पुरवणाऱ्यांचीही तपासणी असते, उदाहरणार्थ लीपिंग बनी, त्याला वजन आहे. हिरवा ठिपका फक्त आत काय घातलंय ते सांगतो, चाचणीबद्दल काहीच सांगत नाही. लाल रंगासाठी किड्यांपासून काढलेलं कार्मिन वापरलेली लिपस्टिक प्राण्यांवर अजिबात न तपासलेली असू शकते. मुलीला दोन्ही गोष्टी नको असतील तर दोन्ही वेगवेगळ्या पाहाव्या लागतील.

पिशवी फेकू नका. विकत घेतलेली वस्तू कचऱ्यात टाकल्याने कोणताच ससा सुटत नाही, उलट ती लवकर संपल्यासारखी होऊन नवी खरेदी लवकर होते. जे आहे ते वापरून संपवा, पुढचं निवडून घ्या. सासूबाईंचं क्रीम मात्र आजच त्यांच्या हातात परत द्या. त्यांच्या कपाटातल्या वस्तूंबद्दल त्यांनी ठरवायचं, नातीने नाही. आजीला पटवायचं असेल तर नातीने तिच्याजवळ बसून बोलावं.

आता गुंड्या आणि ठमी. इथे घाई करू नका, कारण चूक झाली तर ती त्यांच्या अंगावर निघेल.

दूध-पोळी सुरू करू नका. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या शरीराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते मांस-मासळीत असतं, धान्यात जवळपास नसतं, आणि मांजराला ते स्वतःच्या अंगात पुरेसं तयार करता येत नाही. पोळी आणि भाकरी खाऊन कुत्रं निभावून नेईल, मांजर नाही. आणि हे आपल्याला कसं कळलं, तेही मुलीला सांगा, कारण ते तिच्या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जातं. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मांजरींना दुधातल्या केसीन या प्रथिनावर ठेवलं, तेव्हा टॉरिनअभावी त्यांचे डोळे आतून निकामी होत गेले. प्रयोगासाठी मांजरींची दृष्टी गेली, हे मी गोड शब्दांत सांगणार नाही. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मांजरांचं हृदय फुगून बंद पडण्याच्या एका आजारामागेही टॉरिनचीच कमतरता आहे. ही मांजरं होती लोकांच्या घरची, दवाखान्यात उपचाराला आणलेली. त्यांना टॉरिन दिलं आणि हृदयं सुधारली. बाजारातलं कॅट फूड त्यानंतर बदललं. तुमच्या पाकिटामागे घटकांच्या यादीत आज टॉरिन लिहिलेलं दिसतं त्यामागे या दोन्ही गोष्टी आहेत, एक करायला नको होती अशी आणि एक सगळ्यांनी कित्ता गिरवावा अशी. आजारी प्राण्यावर उपचार करता करता जे कळतं, ते ज्ञान मिळवायला कुणालाही मुद्दाम आजारी पाडावं लागत नाही.

पाळीव प्राण्यांच्या खाण्याबाबत माझा न्याय इथूनच येतो. खाऊ घालून पाहणं मला मान्य आहे. आजारी पाडून पाहणं मान्य नाही.

खाऊ घालून पाहणं म्हणजे काय ते सांगते. इथे मिळणाऱ्या बऱ्याच पाकिटांवर आफको या अमेरिकी संघटनेच्या निकषांचा उल्लेख असतो. ही संघटना स्वतः काही तपासत नाही, फक्त निकष ठरवते. ते पूर्ण करायचे मुख्य मार्ग दोन. पाकिटावर 'फॉर्म्युलेटेड टू मीट' अशा अर्थाचं वाक्य असेल तर घटकांचं प्रमाण तक्त्याशी जुळवलेलं आहे, त्या खाण्यासाठी प्राणी ठेवून चाचणी घेतली असेलच असं नाही. 'अ‍ॅनिमल फीडिंग टेस्ट्स' असा उल्लेख असेल तर खरोखर जनावरांना ते खाऊ घातलेलं असतं. पूर्ण वाढलेल्या मांजरांसाठी वा कुत्र्यांसाठी किमान आठ प्राणी, २६ आठवडे, तेच एक खाणं. वजन पाहतात, जनावरांचे डॉक्टर तपासतात, शेवटी रक्त घेऊन चार-पाच गोष्टी मोजतात. आपल्या घरी वर्षाकाठी व्हेट करतात त्याहून हे फारसं वेगळं नाही. एक फरक मोठा आहे, आणि मुलीने नेमकं त्यावरच बोट ठेवलंय. ती मांजरं घरात नसतात. ती कुठे राहतात, जमिनीवर फिरतात की पोलादी पिंजऱ्यात, त्यांना सोबत आहे का, आणि काम संपल्यावर घरी दिली जातात का, यावर सगळं ठरतं.

आणि काही ठिकाणी गोष्ट खाऊ घालण्याच्या फार पुढे गेली होती. २००३ मध्ये पेटा या प्राणिहक्क संघटनेने आयम्स या पेट फूड कंपनीसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एका कंत्राटी प्रयोगशाळेतलं छुपं चित्रण बाहेर काढलं. ओक्याबोक्या पिंजऱ्यांत ठेवलेली कुत्री, स्नायूंचे तुकडे काढून घेतलेली कुत्री त्यात दिसल्याचं संघटनेने सांगितलं. गदारोळ झाला आणि कंपनीने त्या प्रयोगशाळेशी संबंध तोडले. पेट फूड बनवणाऱ्या मार्स कंपनीचं इंग्लंडमधलं वॉल्थम संशोधन केंद्र आपण प्राण्यांवर इजा करणारे प्रयोग करत नाही असं जाहीरपणे सांगतं. कंपन्यांना असं जाहीर सांगावंसं वाटणं हेच मुळात लोकांनी विचारलं म्हणून घडलं.

चाचणीच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. २००७ मध्ये अमेरिकेत मेलामाइन या रसायनाची भेसळ असलेला गव्हाचा ग्लूटेन पेट फूडमध्ये गेला, घरोघरी मांजरांची आणि कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. मेन्यू फूड्स या उत्पादकाला सहा कोटींहून जास्त डबे आणि पाऊच परत मागवावे लागले. ग्राहकांच्या तक्रारींपाठोपाठ कंपनीच्या स्वतःच्या चव चाचणीतलीही काही जनावरं दगावली होती. ती मेली याचं मला दुःख आहे. पण कुणीतरी आधी खाऊन पाहणार नसेल तर पहिला घास तुमच्या ठमीचाच असतो.

राहिली पाकिटातली कोंबडी. चाचणीतल्या मांजरांचा विचार करताना पाकिटात शिरलेल्या कोंबड्या विसरायच्या, हे मला पटत नाही. संख्येने त्या कितीतरी जास्त आहेत. म्हणून एक सांगते, माना, काळीज, पोटातला पेटा असे माणसं बाजूला काढतात ते भाग वापरलेलं खाणं मला जास्त बरं वाटतं, मग जाहिरात कितीही 'फक्त चिकन ब्रेस्ट'चं कौतुक करो. मारलेल्या पक्ष्याचं काही वाया जात नाही आणि मांजरही ते आवडीने खातं.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. त्यांना सोंग वाटतं, कारण त्यांना वाटतं की तत्त्व म्हटलं की एकतर सगळं नाहीतर काहीच नाही. तसं नसतं. साप चावल्यावर देतात ती लस घोड्यांच्या रक्तापासून बनते आणि तिची ताकद उंदरांवर तपासतात. आपल्या पिंपरीतल्या हाफकिनमध्येही घोड्यांपासून ती बनत आली आहे. दिंडोरीच्या शेतात रात्री पाणी धरायला गेलेल्या माणसाला फुरसं चावलं तर ती टोचून घेऊ नको, असं तुमची मुलगीही म्हणणार नाही. तिथे 'कशासाठी' या प्रश्नाला एक जीव हे उत्तर आहे. लिपस्टिकच्या नव्या छटेला असं उत्तर नाही. आणि औषधांच्या बाबतीतही आपला कायदा हात झटकत नाही. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात लिहिलं आहे की जिथे शक्य असेल तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत, आणि २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत बदल करून प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांना जागा दिली गेली. आज औषध लागतं म्हणून ते घ्यायचं आणि उद्या त्यासाठी उंदीर लागू नये म्हणून आग्रह धरायचा, यात सोंग कसलं? हे वाक्य त्यांना माझ्या नावाने ऐकवा. आणि लेकीला रडवून ताटावरून उठवण्याइतका हा विषय त्यांना क्षुल्लक वाटत असेल, तर तो तसा नाही हेही सांगा.

मुलीला एक काम द्या. गुंड्या-ठमीचं खाणं बनवणाऱ्या कंपनीला तिने स्वतःच्या शब्दांत पत्र लिहावं. खाण्याच्या चाचण्या तुम्ही घेता का, की दुसऱ्या संस्थेकडून करवून घेता? त्यात प्राण्याला मुद्दाम आजारी पाडलं जातं का, चिरफाड होते का? प्राणी कुठे राहतात आणि नंतर कुठे जातात? हेच पत्र थोडं बदलून सनस्क्रीनच्या कंपनीलाही. उत्तर नीट वाचायला शिकवा. "कायद्याने बंधनकारक असेल तिथे वगळता आम्ही प्राण्यांवर चाचणी करत नाही" असं आलं तर त्याचा अर्थ कुठेतरी करतात असाच घ्यायचा. "आम्ही प्राण्यांवर प्रेम करतो" एवढंच आलं तर पुन्हा लिहायचं. उत्तरच आलं नाही तर ब्रँड बदलायचा आणि का बदलला ते कंपनीला कळवायचं.

ब्रँड बदलायचा ठरलाच तर एका दिवसात बदलू नका. नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवसांत पूर्ण करा, नाहीतर पोट बिघडतं. पाकिटावर मांजराच्या वयासाठी संपूर्ण आहार असल्याचं लिहिलेलं आणि यादीत टॉरिन, या दोन गोष्टी बघितल्याशिवाय नवं पाकीट घेऊ नका. गुंड्याने तोंड फिरवलं तर "भूक लागली की खाईल" म्हणून ताणून धरू नका. मांजर सलग दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, विशेषतः ते अंगाने जाड असेल, तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. एक दिवस त्याने वाटीला तोंड लावलं नाही की जुनं खाणं परत द्या, आणि तेही खाल्लं नाही तर त्याच दिवशी व्हेटकडे न्या.